उद्यापर्यंत पाणी लागू द्यायचं नाही

माझ्या थोरल्या बहिणीचे, मंदाताईचे, नवरे औरंगाबादला मोटारींना कोटिंग करून देण्याचं दुकान चालवत. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. कुणाही माणसाबद्दल लिहायला बसलं की आधी त्याच्या दोन बऱ्या गोष्टी सांगाव्यात, म्हणून सांगते. दाजी दारू पीत नव्हते आणि त्यांचे कपडे कायम परीटघडीचे असत. झाल्या दोन. आणि हे आदरार्थी बहुवचन मी केवळ सवयीनं वापरते आहे, त्यातून कुणी काही वेगळं समजू नये.

आमचं घर हसनाबादहून भोकरदनला जाणाऱ्या रस्त्याला लागून, मळ्यातच होतं. मागं मोसंबीची बाग, पुढं मोठं अंगण आणि अंगणाच्या कडेला पत्र्याचं शेड. पहाटे सगळ्यात आधी हापशाचा दांडा करकरायचा, मग माय भाकरी थापायला बसायची. तिच्या थापण्याच्या आवाजावरून मला अंथरुणातच कळायचं की आज तिचं डोकं ठिकाणावर आहे की नाही. रागात असली की भाकरी मोठी आणि पातळ व्हायची. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते बागेला पाणी सोडायला गेले की लांबून विहिरीवरच्या मोटारीची घरघर यायची आणि वीज गेली की ती मधेच तुटायची, मग अण्णांच्या शिव्या ऐकू यायच्या. जेवायला बाजरीची भाकरी, कारळाची चटणी, कधी येसराची आमटी. त्या आमटीच्या वासानं रस्त्यावरचा ओळखीचा माणूसही अंगणात वळायचा आणि मायला कधी त्याचं ओझं वाटलं नाही. भाऊ आम्हाला नव्हता. आम्ही दोघी बहिणीच. म्हणूनच असेल, जावई घरात आला की अण्णांचं डोकं फिरायचं.

दाजी येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून अंगण सारवायचं. त्यांच्यासाठी वेगळं तूप काढून ठेवायचं. पुरणाची पोळी व्हायची, आणि दाजी ती बोटाच्या टोकांनी असे उचलायचे की जणू तिच्यावर ओरखडा पडेल. जेवताना ते बोलत एकाच विषयावर. कोणत्या साहेबाची गाडी आली, तिचा रंग कसा मेला होता आणि दाजींनी हात लावल्यावर तिच्यात तोंड कसं दिसायला लागलं.

"अण्णा, लोकायला वाटतं हे पॉलिश आहे," दाजी म्हणायचे. "पॉलिश म्हणजे तोंडाला लावलेली पावडर. घाम आला की गेली. हे पॉलिमर आहे. गाडीला दुसरी कातडीच बसती म्हणा ना. ऊन पडू द्या, पाखरायची घाण पडू द्या, आतल्या रंगाला बिलकुल धक्का न्हाई."

"बराबर, बराबर," अण्णा म्हणायचे. पॉलिमर म्हणजे काय ते अण्णांना ठाऊक नव्हतं. दाजींनाही ठाऊक नव्हतं, हे मला पुढं अकरावीला रसायनशास्त्र घेतल्यावर कळलं. पण अण्णा तो शब्द पारावर जाऊन वापरायचे. 'आमचे जावई पॉलिमरमंदी आहेत,' असं सांगायचे, जणू पॉलिमर हे एखादं सरकारी खातं असावं.

मंदाताई हे सगळं मान खाली घालून ऐकायची. लग्नाआधी ती अशी नव्हती. बारावीला केंद्रात पहिली आली होती, नदीत पोहायची, अण्णांना उलटं बोलायची. औरंगाबादला गेल्यावर तिच्याकडं एक काम आलं ते कोटिंग पुसायची फडकी धुण्याचं. ती फडकी बाकीच्या कपड्यांत टाकायची नाहीत, त्यांना वेगळा साबण, वेगळी बादली, वेगळी दोरी. एखादा वाळूचा कण राहिला तर रंगावर रेघ उमटते म्हणून दाजी प्रत्येक फडकं स्वतःच्या गालावर फिरवून बघायचे. ताईनंच मला हे एकदा हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. ताईच्या बोटांना त्या द्रावणाचा वास यायचा आणि नखांच्या कडा सोललेल्या असायच्या. ती कातडी जुनीच होती, तिच्यावर दुसरी बसवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

ज्या वर्षी ताईला दिवस गेले त्याच वर्षी मोसंबीला भाव बरा मिळाला आणि अण्णांनी लाल रंगाची छोटी मोटार घेतली. आमच्या गावातली ती पहिली नवी मोटार. अण्णा तेव्हा नुकतेच चालवायला शिकले होते, तोंड घट्ट मिटून चालवायचे आणि समोर म्हैस दिसली की आधीच थांबायचे. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या ओटीभरणाला दाजी आले. आले ते फडक्यांची पिशवी, स्पंज आणि पांढऱ्या दुधासारख्या द्रावणाच्या बाटल्या घेऊनच. ओटी भरायला शेजारपाजारच्या बायका जमल्या, गाणी म्हणाल्या. दाजी मात्र दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये होते. आधी त्यांनी गाडी दोनदा धुतली. मग वाळवली. मग स्पंजानं गोल गोल करत ते द्रावण लावलं, ते सुकून पांढरट धूर बसल्यासारखं झालं की फडक्यानं पुसून काढलं. पुसल्यावर खरंच गाडी अशी दिसायला लागली की शेडमधली कडब्याची पेंढी तिच्यात दिसावी. बायका हळदीकुंकू घेऊन निघताना थांबून बघायला लागल्या. एकीनं हात लावला.

"ओ मावशी!" दाजी असे ओरडले की त्या बाईच्या हातातला नारळ खाली पडला. "हात नका लावू. आजच लावलंय. ते आतमंदी धरून राह्यलंय. उद्यापर्यंत पाणी लागू द्यायचं न्हाई, धूळ बसू द्यायची न्हाई. एकदा पक्कं झालं की मंग घागरभर पाणी ओता, मोत्यावानी पळून जाईल."

माय दारात उभी होती. ती म्हणाली, "मंग ही गाडी बसायसाठी घेतली का बघायसाठी?"

अण्णांनी तिच्याकडं रागानं बघितलं. दाजी हसले. अडाण्यांसाठी राखून ठेवलेलं ते हसू होतं. अशा माणसांची एक जात असते. त्यांना एक कला येते, ती बरी येते, आणि तेवढ्यावर ते जगातल्या सगळ्यांना खालच्या पायरीवर बसवतात. मी पुढं नोकरीत अशी पुष्कळ माणसं बघितली, साहेब झालेलीही बघितली, पण दाजींइतकं निर्मळ, भेसळ नसलेलं क्षुद्रपण पुन्हा बघायला मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं. आठवड्याभराच्या पावसानं रस्ता चिखलाचा झाला होता. माय चुलीपुढं होती, मी बाजूला कांदा चिरत होते. ताई न्हाणीतून भिंत धरत बाहेर आली आणि "माय" एवढंच म्हणाली. तिच्या मागं फरशीवर ओले पाय उमटले होते. ते पाण्याचे नव्हते.

मायनं तव्यावरची भाकरी तशीच सोडली. ताईला खाली निजवलं, तिचे पाय उंच करून खाली उशी दिली, लुगडं फाडून घड्या केल्या. एका घडीनं भागेना, दुसरी लाल झाली. दिवस भरायला अजून महिना होता. ताईला कळा येत नव्हत्या, ती ओरडत नव्हती, तिचा चेहरा फक्त पिठासारखा पांढरा होत चालला होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"अण्णाला म्हणावं गाडी काढा. जल्दी," माय मला म्हणाली.

मी शेडकडं पळाले. अण्णा आणि दाजी तिथंच होते. दाजी वाकून गाडीच्या दारावर तोंड बघत होते. मी सांगितलं तसे अण्णा पांढरे पडले आणि गाडीकडं वळले. किल्ली दाजींच्या खिशात होती. दाजींनी खिशावर हात ठेवला.

"थांबा अण्णा, थांबा," ते म्हणाले. "लगेच घाबरायचं न्हाई. बायकायला असं होतच राह्यतं. बाहेर बघा, कसा चिखल आहे. वरून आभाळ आलंय. अजून चोवीस तास झाले न्हाईत, आता गाडी काढली तर सगळं कोटिंग डागाळंल, कालची सगळी मेहनत वाया. घंटाभर निजू द्या तिला. थांबतंय आपोआप."

"दाजी, रक्त थांबून न्हाई राह्यलं," मी म्हणाले.

"तू लहान आहेस. तुला काय कळतं?"

अण्णांनी तेव्हा काय केलं ते मी विसरू शकत नाही. त्यांनी घराकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी मान वर करून आभाळाकडं बघितलं. पाऊस येतो की काय ते बघितलं. आणि म्हणाले, "जावईबापू म्हणतेत तर बघू जरा वेळ."

बापाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मी अण्णांना म्हातारपणी धोतर धुण्यापासून औषध पाजण्यापर्यंत मायच्या बरोबरीनं सांभाळलं आहे, त्यांची सेवा केली आहे, तेव्हा हे एक वाक्य लिहायचा मला हक्क आहे: त्या सकाळी माझा बाप एक भित्रा माणूस होता. दाजींबद्दल मला आश्चर्य वाटलं नव्हतं. अण्णांबद्दल वाटलं.

मी माघारी येऊन मायला सांगितलं. ती ओरडली नाही, बाहेर जाऊन भांडली नाही. तिच्या ते ध्यानातच आलं असावं की भांडणात जाणारा वेळ ताईच्या अंगातून जाणार. "सुमे, रस्त्यावर पळ," ती म्हणाली. "जे येईल ते थांबीव. बैलगाडी आली तर बैलगाडी."

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. आधी एक फटफटी गेली, तिचा उपयोग नव्हता. मग एक टेम्पो आला. भोकरदनच्या बाजारात मेंढरं घेऊन निघालेला. चालवणारा हरिबा म्हणून धनगर होता, पलीकडच्या वाडीचा, आमच्या बागेत त्याची मेंढरं बसायची म्हणून चेहऱ्यानं ओळखीचा. शेजारी त्याची म्हातारी आई होती. मी दोन्ही हात वर करून रडत होते, त्यामुळं काय बोलले ते मला आठवत नाही. हरिबानं खाली उडी मारली, एकच विचारलं, "कुठं हाय?" आणि टेम्पो आमच्या अंगणात घातला.

"मेंढरं उतरवावी लागतील," तो म्हणाला.

त्यानं मागचा फाळका खाली सोडला आणि काठीनं हाकलत मेंढरं अंगणात उतरवली. ओली, चिखलानं भरलेली, घाबरलेली मेंढरं. त्यांना काय, आडोसा दिसला तिकडं ती पळाली. पत्र्याच्या शेडकडं. तिथं ती लाल गाडी उभी होती.

"अरे अरे अरे! हाड! हाड!" दाजी धावले. ते गाडीपुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले. मेंढरं त्यांच्या पायांतून, काखेतून गाडीकडं घुसली. एक बोनेटवर पुढचे पाय टाकून चढलं. दाजींनी पिशवीतली ती मऊ, गालावर फिरवलेली फडकी काढली आणि मेंढरांना मारायला लागले. "अण्णा! आवरा ना ह्यायला! सगळी वाट लावून राह्यले! अण्णा!"

त्याच वेळी इकडून माय, हरिबा आणि मी ताईला गोधडीत घालून बाहेर आणत होतो. चौथं टोक धरायला माणूस नव्हतं. ते टोक खाली लोंबत होतं आणि ताईचा हात त्यातून बाहेर आला होता. हरिबाच्या म्हातारीनं खाली उतरून ते धरलं. टेम्पोत लेंड्या पडल्या होत्या. म्हातारीनं आपलं घोंगडं पसरलं, स्वतः बसली आणि ताईचं डोकं मांडीवर घेतलं. ताईचे डोळे उघडे होते. ती शेडकडं बघत होती. तिचा नवरा हात पसरून गाडीला अंगाआड घेत होता, ते ती बघत होती.

"तिकडं काय बघती लेकी," म्हातारी म्हणाली आणि तिनं ताईच्या गालाला हात लावून तोंड आपल्याकडं वळवलं. "इकडं बघ. माझ्याशी बोल. काय नाव तुझं? आन् तुझ्या मायचं?"

भोकरदनपर्यंत ती म्हातारी ताईला बोलतं ठेवत गेली. मेंढ्यांची नावं सांगत गेली. ताईचा आवाज बारीक झाला की तिला पुन्हा नाव विचारायची. मी पायाशी बसून लुगड्याच्या घड्या दाबून धरल्या होत्या. माय पुढं बसली होती, तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. तिच्यात तेवढी ताकद नव्हती, असं तिनं पुढं कधीतरी सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी ताईला बघताच आत नेलं. पोट फाडून बाळ काढावं लागलं. मुलगी झाली, मांजराच्या पिलाएवढी. ताई वाचली. हात पुसत बाहेर आल्यावर बाईंनी मायला विचारलं, "कशात आणलं?"

"मेंढरायच्या टेम्पोत."

"बरं केलं. वाट बघत बसला न्हाईत ते बरं केलं."

हरिबाचा तो बाजार हुकला. त्याची मेंढरं गावातल्या पोरांनी संध्याकाळपर्यंत सांभाळली. अण्णा दुपारच्या एसटीनं आले, दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि उपरणं तोंडावर घेऊन रडले. माय त्यांच्या शेजारी जाऊन बसली नाही.

दाजी दुसऱ्या दिवशी आले. गाडी घेऊन आले. कोटिंग पक्कं झालं होतं ना. गाडी त्यांनी पुन्हा पुसलेली होती, फक्त बोनेटवर दोन बारीक रेघा राहिल्या होत्या आणि खाटेजवळ उभं राहून ते आधी त्याबद्दलच बोलले. "दोन ठिकाणी लागलंच शेवटी. रंगापर्यंत गेलंय." मग त्यांनी मुलीकडं बघितलं आणि, "मुलगी का?" म्हणाले.

ताईनं डोळे मिटले. ती झोपली आहे असं समजून ते गेले.

ताई सासरी गेलीच नाही. सहा-सात महिन्यांनी दाजींचे वडील चार मोठी माणसं घेऊन आले. अंगणात सतरंजी टाकली. दाजी इस्त्रीच्या कपड्यात, घडी मोडू नये असे ताठ बसले होते. चौघांतला एक म्हणाला, "पोरी, नवऱ्यानं मारलं का? बाहेरख्याली आहे का? दारू पितो का? काहीच न्हाई. मंग एका गाडीपाई संसार मोडती का? त्याला त्या टायमाला सुचलं न्हाई. माणूस हाय."

अण्णा खाली बघत होते. ताई मुलीला कडेवर घेऊन दारात आली. बायकांनी अशा बैठकीत यायचं नसतं. ती दाजींना थेट म्हणाली, "मी टेम्पोत चढले तवा तुम्ही माझ्याकडं बघितलं का?"

"बघितलं की," दाजी म्हणाले. "न बघून कसं?"

"मंग सांगा, माझं डोकं कोणाच्या मांडीवर होतं?"

दाजींनी मायकडं बघितलं, मग माझ्याकडं. शाळेत फळ्याकडं बघणाऱ्या ढ पोरासारखं त्यांचं तोंड झालं होतं. "आईच्या," ते म्हणाले.

त्या चौघांपैकी सगळ्यात म्हातारा होता त्यानं काठी उचलली, उठला आणि चपला घालायला लागला. मग बाकीचे उठले. अण्णांनी त्या दिवशी प्रथमच मान वर केली. "माझी पोरगी येणार न्हाई," ते म्हणाले. उशिरा म्हणाले, पण म्हणाले. ते मी त्यांच्या खात्यावर धरते.

ताईनं नर्सचं प्रशिक्षण घेतलं आणि धावड्याला तिची नेमणूक झाली. मुलीला, आमच्या अश्विनीला, तिनं तिथंच वाढवलं. मी भोकरदनला शिकवायला लागले होते, सुट्टीला तिच्याकडं जायचे. बायका अपरात्री निरोप पाठवायच्या आणि ताई पायात चपला अडकवून निघायची. कशानं जायचं हे तिनं कुणाला कधी विचारलं नाही.

एका सुट्टीत मी तिथं असताना दुपारी दार वाजलं. अश्विनीनं उघडलं. दारात दाजी. केस काळे केलेले, कपडे तसेच कडक. भोकरदनला कुणाच्या लग्नाला आले होते म्हणे, वाट वाकडी करून आले. मी आतल्या खोलीत होते, मला पडद्यातून दिसत होतं. ताई भाजी निवडत होती. तिनं आवाज ओळखला, हात थांबवला, पण उठली नाही.

"काका, कोण पाहिजे?" अश्विनीनं विचारलं.

दाजी म्हणाले, "पाणी मिळंल का?"

तिनं तांब्या-पेला आणून दिला. ते उभ्यानंच पाणी प्यायले. प्यायला वेळ लावला. मग म्हणाले, "कितवीला आहेस?"

"आठवीला."

"शाब्बास," दाजी म्हणाले. जणू तिला आठवीपर्यंत त्यांनीच आणून सोडलं होतं. आणखी काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. बापाला आपल्या लेकीला विचारण्यासारखं जगात काहीतरी असेलच की. त्यांच्याजवळ एवढंच होतं. पेला खाली ठेवून ते गेले.

अश्विनी आत आली. "कोण होते गं आई?"

मला वाटलं ताई काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. ती म्हणाली, "तुझे वडील."

पोरगी रिकामा पेला घेऊन मोरीकडं वळली. मग म्हणाली, "बरं झालं मी पाणी दिलं." पेला विसळून पालथा घातला आणि अर्धं राहिलेलं गणित सोडवायला जाऊन बसली.